माणसं ओळखायला चुकलो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला नाही. देवासमोर हात जोडून उभा राहतो तेव्हाही नाही — तिथंही मी मनातल्या मनात विषय बदलतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात, तर तुम्हाला माझी दुसरीच गोष्ट माहीत असती. ती गोष्टही माझीच आहे. फक्त खोटी आहे.

बिबवेवाडीत माझा केटरिंगचा धंदा होता. लग्नं, मुंजी, बारशी, साठीशांती. दिलीप माझ्याबरोबर होता, शाळेपासूनचा मित्र. भागीदार नव्हे, पगारी — पण खरेदी सगळी त्याच्या हातात. मार्केट यार्डातून भाजी, किराणा तोच आणायचा, आणि पंगत बसायच्या आधी प्रत्येक पदार्थ चाखून बघायचा. अळूची भाजी खाजरी झाली असेल तर आचाऱ्याला तोंडावर सांगायचा. मी चुकलो तर मलाही. असा माणूस जवळ असणं फार गैरसोयीचं असतं.

मग धंदा बुडाला. कसा बुडाला? इथं माझी जीभ नेहमी अडखळते. मला शेअर बाजारातल्या ऑप्शनचा नाद लागला होता. इकडे पंगत चालू, आणि मी भटारखान्यामागे मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभा. आधी थोडा नफा, मग तोटा, मग तोटा भरून काढायला कर्ज, आणि कर्ज फेडायला आणखी कर्ज. लोकांनी मुलीच्या लग्नासाठी दिलेले अ‍ॅडव्हान्सही त्यातच गेले. दिलीपला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरातही कुणाला नव्हतं. शेवटी कोर्टानं मला नादार ठरवलं. फ्लॅट गेला, गाडी गेली, पातेली-पराती गेल्या. पैसा कुठं गेला ते कोर्टाच्या कागदांत सगळं आहे. पण कोर्टातले कागद वाचायला नातेवाईक येत नाहीत.

नातेवाईक घरी येतात. आमच्या पुण्यात बुडालेली माणसं दोनच प्रकारची — एक फसलेली, एक माजलेली. फसलेल्याला चहा मिळतो, माजलेल्याला टोमणे. मला टोमणे सहन झाले नसते. का नसते? कर्ज घेताना लाज वाटली नव्हती, मग टोमण्यांचं एवढं काय? पण नसतेच झाले.

माझे सासरे, अण्णा — नारायण पेठेतले, निवृत्त शिक्षक — एका रविवारी आमच्या भाड्याच्या खोलीवर आले. पाणीही न घेता खुर्चीत बसले. म्हणाले, "जावईबापू, चालता धंदा असा एकाएकी बसत नाही. पैसा गेला कुठं?"

बायको दारात उभी होती. तिलाही तेच विचारायचं होतं, हे मला दिसत होतं. आणि मी म्हणालो, "माणसं ओळखायला चुकलो, अण्णा."

एवढंच. नाव घेतलं नाही मी. पुढं कित्येक दिवस मी स्वतःला हेच बजावत होतो — नाव कुठं घेतलं? अण्णांनी विचारलं, "म्हणजे, तो दिलीप?" मी मान खाली घातली.

खरं सांगू? त्या क्षणी मला हलकं वाटलं. बायकोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी महिन्यांत ठेवला नव्हता. त्या एका हातासाठी मी दिलीपला विकला.

पुढचं काम मला करावंच लागलं नाही. लोकांनीच केलं. मी 'बिचारा' झालो. अण्णांनी आपली ठेव मोडली आणि बायकोच्या नावानं मांजरी गावात, नव्या सोसायट्यांच्या रस्त्यावर, पोळी-भाजी केंद्र घालून दिलं. माजलेल्या जावयाला त्यांनी फुटकी कवडी दिली नसती. म्हणजे आज मी जिथं उभा आहे, ती जमीनच त्या खाली घातलेल्या मानेची आहे.

दिलीप एका किराणा व्यापाऱ्याकडे कामाला लागणार होता. लोकांचं बोलणं कानावर गेल्यावर त्या व्यापाऱ्यानं ऐन वेळी "नंतर बघू" म्हटलं. मग दिलीप माझ्याकडे आला. चिडला नाही. चिडला असता तर मी भांडून मोकळा तरी झालो असतो. म्हणाला, "तू काही बोललास असं मी म्हणत नाही. पण त्या शेटना एक फोन कर. दिलीपनं कधी पैसा खाल्ला नाही, एवढंच सांग. बास."

मी म्हणालो, करतो. केला नाही. आज करू, उद्या करू, असं नव्हतं ते. करायचाच नव्हता. दिलीपनं खाल्ला नाही, तर मग खाल्ला कुणी?

केंद्र उघडताना सत्यनारायण घातला. दिलीपला बोलावलं नव्हतं, तरी आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात नारळ. आरती संपली तसं कुजबुजणं थांबलं, सगळे आमच्या दोघांकडे बघायला लागले. तो कशाला आलाय हे माझ्या लक्षात आलं. सगळी माणसं एका जागी जमली होती. एक वाक्य बोलायला मला याहून सोपी वेळ मिळणार नव्हती, आणि त्यानं ती माझ्यापुढं आणून ठेवली होती.

मी शिऱ्याचा द्रोण उचलला, सगळ्यांच्या आधी त्याच्यापुढं गेलो आणि त्याच्या हातावर ठेवला. "घे, दिलीप."

अण्णा मोठ्यानं म्हणाले, "याला मन मोठं लागतं हो!" माना हलल्या. कुणाच्या तरी मावशीनं डोळे पुसले.

प्रसाद कुणी नाकारत नाही. दिलीप तर नाहीच नाही. त्यानं तो खाल्ला, आणि सगळ्यांना दिसलं ते असं, की चोराला माफी मिळाली. हे असं दिसणार, ते मला द्रोण उचलतानाच माहीत होतं. पहिल्या वेळी मी घाबरून खोटं वागलो, असं म्हणता येईल. या दुसऱ्या वेळी तसं म्हणता येणार नाही. हे मी विचार करून केलं.

त्यानं रुमालानं हात पुसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "साखर जास्त झालीय." नारळ देवापुढं ठेवला आणि गेला.

आता तो सासवडला असतो, मेहुण्याच्या दुकानात, बायकोच्या माहेरी. अण्णा गेले. 'चांगल्या माणसांनाच लोक फसवतात,' असं शेवटपर्यंत मला सांगत गेले. माझी नादारी कोर्टानं उठवली. धंदा बरा चालतो.

काल पोळ्या लाटायला नवी बाई आली. बायको तिला जुनी हकिकत सांगत होती. "आमच्या ह्यांना मित्रानंच बुडवलं. स्वभाव भोळा, दुसरं काय." बाईनं पोळी लाटता लाटता माझ्याकडे बघितलं.

मी मान खाली घातली.