मास्तर मागच्या सीटवर

मास्तर मोटार शिकवायचे. अर्धं गाव त्यांचा आरडाओरडा ऐकत गाडी शिकलं होतं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असायचा. त्यामुळे ते कुणाच्याही गाडीत बसले, तरी त्यांचा पाय आपोआप दाबला जायचा आणि तोंड आपोआप सुटायचं. बायकोला मात्र त्यांनी शिकवलं नव्हतं. एकदा प्रयत्न झाला, तेव्हा पहिल्याच वळणावर ती गाडी रस्त्याच्या मधोमध सोडून तडक घरी चालत गेली होती. पुढे तिने गुपचूप दुसऱ्या क्लासात शिकून लायसन्स काढलं आणि एका सकाळी ते मास्तरांच्या चहाच्या बशीत ठेवलं.

त्या हिवाळ्यात सुट्टीसाठी सगळे मेहुणीकडे गेले होते. तिथे साडूने बॅडमिंटनची रॅकेट पुढे केली. साडूसमोर कमीपणा घ्यायचा नाही म्हणून मास्तर खेळायला उतरले आणि मनगट मुरगळून परत आले. त्यामुळे परतीच्या प्रवासात गाडी बायकोच्या हातात आली. उरलेली थंडी या लेकीकडे काढायला तिथे असलेल्या सासूबाईही सोबत निघाल्या.

रस्त्यावर धुकं असं दाटलेलं, की पुढच्या ट्रकचा नुसता लाल दिवा तेवढा दिसत होता.

"अगं, अंतर ठेव! आरसा बघ! क्लचवर पाय ठेवून बसू नकोस!"

"अहो, एक तर तुम्ही बोला, नाहीतर मी चालवते."

"मी कुठे बोलतोय? नुसतं सांगतोय."

बायकोने इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली आणि मास्तरांची रवानगी मागे केली. पुढे सासूबाई बसल्या. त्यांना कानाने जरा कमी ऐकू यायचं, म्हणजे शेजारी बसायला त्यांच्यासारखं माणूस नाही. मागे मेहुणीने लादलेल्या रजया आणि उशांचा ढीग होता. मास्तरांनी त्यात अंग चोरून घेतलं आणि फुगून बसले.

पेट्रोल पंपावर गाडी थांबली. मास्तरांना जायचं होतं, पण रुसलेल्या माणसाने "जरा जाऊन येतो" असं तरी कसं सांगायचं? ते मुकाट्याने उतरले. गाडीचं दार आपटू नये, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलेलं. म्हणून दारही त्यांनी अलगद लावलं.

स्वच्छतागृहातून बाहेर आले तेव्हा गाडीच्या जागी नुसतं धुकं होतं.

अंगात पातळ स्वेटर, पायात मेहुणीच्या घरच्या सपाता आणि मोबाइल गाडीत रस्ता दाखवत बसलेला. पंपाच्या ऑफिसातल्या बाईंनी त्यांना हीटरजवळ बसवलं आणि फोन पुढे केला. मास्तरांना एकच नंबर तोंडपाठ होता, शिकवायच्या गाडीवर रंगवलेला, त्यांच्या स्वतःच्या क्लासचा. क्लास सुट्टीमुळे बंद. तरी त्यांनी लावून पाहिला. बराच वेळ वाजला.

"गाडी कोण चालवत होतं?" बाईंनी विचारलं.

"बायको."

"मग येतील की परत."

"कधी?"

"ते तुम्ही त्यांच्याशी कसे वागता, त्यावर आहे."

मास्तरांनी गाडीतला सकाळपासूनचा संवाद आठवून पाहिला आणि खुर्ची हीटरच्या आणखी जवळ ओढली.

चहा संपून कप गार झाला, तेव्हा कुठे धुक्यातून ओळखीचे दिवे दिसले. मास्तर खिडकीला नाक लावून बघू लागले. गाडीचा इंडिकेटर बऱ्याच आधी लागला. बायकोने समोरचा टँकर जाऊ दिला, वेग कमी केला आणि वळण घेऊन अगदी दाराशी, जराही हिसका न देता थांबली. तिला त्यांनी बाहेरून असं चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. सवयीने ते चूक शोधत राहिले. सापडली नाही, म्हणून त्यांना थोडं चुकल्याचुकल्यासारखंही झालं.

काच खाली करत सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, कुत्रा आडवा आला, हिने करकचून ब्रेक दाबला आणि मागून चकार शब्द नाही! ही घाबरून म्हणाली, 'आई, बघ गं, यांना काही झालं का!' मी मागे रजयांत हात घातला, तर हातात उशी!"

बायकोचे डोळे लाल झाले होते. "सांगून उतरायला काय झालं होतं?" ती ओरडली. मास्तरांना आज तो ओरडा गोड वाटला.

ते सपाता झटकून मागे बसले. गाडी रस्त्याला लागल्यावर घसा खाकरून म्हणाले, "वळण चांगलं घेतलंस."

बायकोने आरशातून त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "आमच्या सरांनी शिकवलंय."

हे लागलं, पण मास्तरांनी गिळलं. "काय पद्धत होती त्यांची?"

"गप्प बसायचे."

ऊन चढलं आणि धुकं विरलं, तेव्हा मास्तर सासूबाईंच्या शालीत तोंड उघडं टाकून घोरत होते. चालत्या गाडीत त्यांना आजवर कधी डोळा लागला नव्हता.

सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी शिकायला आलेल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "सर, घसा बसलाय का तुमचा?" मास्तर नुसते हसले आणि हातानेच "चला" म्हणाले. बाजारपेठेपर्यंत त्यांनी खरंच निभावून नेलं. पुढे एक रिक्षा मध्ये घुसली.