शेजाऱ्याचं नवं इंजिन

जळलो. खोटं कशाला बोलू? काळाचौकीच्या आमच्या सोसायटीच्या आवारात शेजाऱ्याने त्याच्या नव्या इंजिनावरची चादर ओढली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आम्ही दोघे रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं शेजारशेजारच्या लेथवर. मी घाटावरचा, तो मालवणी. चाळ पाडून टॉवर झाला तरी दारं समोरासमोरच आली. निवृत्त झाल्यावर मी वाफेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती केली. छोटी म्हणजे खेळणं नव्हे हो. शिवणयंत्राच्या टेबलाएवढी लांब, खरा कोळसा खाणारी, मागच्या डब्यांत सहा पोरं ओढणारी. भंगारातून एकेक तुकडा शोधत सात वर्षं खपलो. दर वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाला आवारात रूळ टाकायचे आणि गाडी चालवायची, हा माझा मान. प्रसादापेक्षा माझी रांग मोठी असायची.

दोन वर्षांपूर्वी हा मोजपट्टी आणि वही घेऊन आला. "माका तुझ्या इंजिनाची मापा घेवंक दी रे." मी भाळलो. तीन रविवार माझ्या हॉलमध्ये पालथा पडून त्याने एकेक दांडा मोजला आणि मी त्याला चहा-खारी पुरवली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, त्याला बिळात बोलावून बसवणारा मीच.

आता दोन्ही इंजिनं एका रुळावर उभी होती. माझ्या चाकांवर कानशीच्या खुणा, त्याची मशीनवर कापलेली, गुळगुळीत. माझ्या बॉयलरमध्ये पाणी भरायला मध्येच थांबून हातपंप मारावा लागतो, त्याचं चालता चालता वाफेच्या जोरावर स्वतःच पाणी ओढतं. माझं निघताना असा हिसका देतं की पोरं एकमेकांवर आपटतात. त्याचं कधी निघालं ते कळतही नाही. माझ्या धुराड्यातून तेलकट थेंब उडतात म्हणून बायका साड्या सावरून लांब उभ्या राहतात. त्याच्या इंजिनाला चिकटून सेल्फी चालल्या होत्या.

"नव्याचे नऊ दिवस," मी बायकोला म्हटलं.

"पोटात दुखत असेल तर ओवा देऊ का?" ती म्हणाली.

यंदा पूजेला कोणाची गाडी, यावर सेक्रेटरीने तोडगा काढला. पार्किंगच्या चढावर रूळ टाकू, सहा मोठी माणसं जी ओढेल ती पूजेची. माझं इंजिन अर्ध्यावर गेलं, चाकं जागच्या जागी फिरली आणि फुस्स. त्याचं सरळ वर गेलं. वर पोचल्यावर मेल्याने शिट्टीसुद्धा वाजवली.

मी त्याच्या इंजिनाशी गुडघे टेकून बसलो. अभिनंदन करायला नाही, खोट काढायला. चष्मा लावून चाकन् चाक बघितलं. एक खोट सापडेल तर शपथ. मग मागच्या चाकाजवळ नजर गेली आणि मी गारच झालो. तिथे एक पितळी स्क्रू होता.

तसाच स्क्रू माझ्या इंजिनाला त्याच जागी आहे. कारण सांगतो. पत्र्यावर खूण करताना मी एकदा उलट्या बाजूने मोजलं आणि नको तिथे भोक पाडलं. तेवढा जाड पत्रा पुन्हा मिळेना, म्हणून त्यात पितळी स्क्रू पिळला आणि घासून चकचकीत केला. तो काहीही धरून ठेवत नाही. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

"हा स्क्रू कसला रे?" मी विचारलं.

"तुझ्या इंजिनाक आसा मां, म्हणान बसयलंय. कित्याक ता माका कळूक नाय. पण तू उगाच कशाक घालशीत?" तसल्या डोक्याचा स्क्रू बाजारात मिळेना, म्हणून त्याने लेथवर स्वतः बनवला होता. चार बिघडले, पाचवा जमला. मग त्याने माझ्या पाठीवर थाप मारून सेक्रेटरीला ओरडून सांगितलं, "हो माझो गुरू!"

तेव्हाच हसून सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण चढावरून पोरं ओरडली, "काका, अजून एक फेरी!" आणि ते काका म्हणजे मी नव्हतो.

"तो स्क्रू कधी काढू नकोस," मी म्हटलं. "आणि निघण्याआधी दर वेळी घट्ट आहे का बघ. नाहीतर मागचं चाक दगा देईल."

पूजेच्या दिवशी रांग गेटपर्यंत गेली. त्याने कोळसा घातला, वाफ बघितली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मागच्या चाकाशी गुडघे टेकले. सत्तरीला आलेला माणूस, गुडघ्यांचं दुखणं जुनं. स्क्रू पिळून त्याने गर्दीत मला शोधलं. "बराबर आसा मां?"

प्रसादाचा द्रोण हातात धरून मी मान हलवली.

असं प्रत्येक फेरीला. सातव्या फेरीला त्याला खालून उठताच येईना. मीच पुढे होऊन हात दिला, त्याने तो घट्ट धरला आणि कण्हत उभा राहिला. तेव्हाही मी सांगितलं नाही.