सिलिंडरच्या आतला लेप

मुलगा पुण्याला एका कारखान्यात आहे. ॲल्युमिनियमवर टणक लेप चढवायचे आणि ते घासून किती झिजतात ते मोजायचं, हे त्याचं काम. मी उमरग्यात हायवेला लागून लेथचं दुकान चालवतो. बायको गेल्यापासून घरात मी एकटा, आणि अंगणात पत्र्याखाली त्याची मोटारसायकल. त्याचा फोन रविवारी यायचा. "जेवलात का? गाडी चालू करता ना?" एवढं झालं की संपला. गाडी मी रोज चालू करायचो, कारण मला विचारण्यासारखं त्याच्याकडं तेवढंच उरलं होतं.

एका बुधवारी गाडीनं धूर सोडला. मी इंजिन खोललं. सिलिंडरमध्ये बोट फिरवलं तर ओरखडासुद्धा नाही. शहाण्यानं तिथंच थांबायला हवं होतं. पण आमच्याकडं धूर म्हणजे सिलिंडर बोअर करायचा, आतून थोडा कापून मोठा करायचा, जन्मभर हेच केलंय. तरी त्याला विचारावं म्हणून फोन लावला. तीनदा. शेवटी मेसेज आला, 'मीटिंगमध्ये आहे, रविवारी बोलू.' माझं डोकं फिरलं. बापाला वार नेमून दिलाय, म्हटलं, आणि सिलिंडर लेथवर चढवला.

कापायचं टूल लागेना. नुसती करकर, आणि धार गेली. पुन्हा धार लावली, पुन्हा बोथट. माझ्याच दुकानात मला कुणी अडवलेलं खपत नाही. मी इरेला पेटलो. तिसऱ्या खेपेला टूल एकदम मऊ चालायला लागलं, पांढरी चकचकीत तार सुटली आणि मी एकटाच हसलो.

रविवारी त्याला सांगितलं.

"अण्णा, तुम्ही लेपच काढला. निकेल असतं ते, त्यात पिठापेक्षा बारीक सिरॅमिकचे कण. त्यांच्यामुळंच ॲल्युमिनियम झिजत नाही. धूर एखादं रबरी सील गळून तेल जळाल्यानं आला असेल."

"मग मला कुणी सांगावं?" मी ओरडलो. "फोन उचलायला काय झालतं तुला?"

आता हा फोन ठेवतोय, असं वाटून मी घाबरलो. घाईघाईनं विचारलं, "ते कण निसटत कसे न्हाईत रं?"

आणि तो बोलायला लागला. कण द्रावणात कसे ढवळत ठेवतात, वीज सोडली की निकेल त्यांना कसं धरून बसतं, फिरत्या चकतीवर ते कसं घासून बघतात. माझा चहा गार झाला. मला पहिल्या सांगण्यातच सगळं समजलं होतं. तरी मी दोनदा परत विचारलं.

शेवटी तो म्हणाला, "आता लोखंडी स्लीव्ह बसवावी लागेल. जमेल ना?"

"लई अवघड दिसतंय. सांग की कसं बसवायचं."

स्लीव्ह बसवणं, म्हणजे सिलिंडरच्या आत लोखंडी नळी दाबून बसवणं, हे माझं एका दुपारचं काम. ट्रॅक्टरच्या किती बसवल्या, त्याची गणती नाही. तो याच दुकानात वाढला, त्यालाही हे ठाऊक असणार. पण सिलिंडर अजून टेबलावर तसाच पडलाय. दर रविवारी मी एक नवी अडचण काढतो, आणि तो न हसता ती मला समजावून सांगतो.