वीस अंशांचं दार

आमच्या यांनी चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत स्वतःच्या हाताने एक खिळासुद्धा घडवला नाही. खोटं वाटत असेल तर विचारा त्यांनाच, छाती फुगवून सांगतील. हे, म्हणजे गुणवंत साहेब, तोफांच्या फॅक्टरीत गेज रूममध्ये होते. म्हणजे दुसऱ्याने घडवलेली वस्तू हातात घ्यायची, मापायची, आणि केसाएवढा फरक निघाला की लाल पेन्सिलने फुली मारायची. लोक दिवसभर लेथवर घाम गाळायचे आणि हे फुल्या मारून संध्याकाळी घरी यायचे. चहा मात्र अशा थाटात मागायचे, जशी काही तोफ यांनीच ओतली.

त्या खोलीत बारा महिने एसी चालू. माप घ्यायचं तर वीस अंशालाच, असा नियम होता. मे महिन्यात सगळं जबलपूर भाजून निघत असायचं आणि हे हाफ स्वेटर घालून ड्यूटीवर निघायचे. कॉलनीतल्या बाया मला विचारायच्या, दीदी, भाईसाब को बुखार है क्या. मी काय सांगणार बाप्पा.

आता माझं सांगते. मी विनता. मुलगा अक्षत पुण्याला गेला, घर रिकामं झालं, तेव्हा मी नानखटाई करून विकायला लागले. घमापूरची एक बेकरी बंद पडली होती, तिथला तीन ट्रेचा ओव्हन घेऊन आले. त्याला बारा वर्षं झाली. माझ्या नानखटाईला नाव आहे इथे. कोणाची बायको म्हणून नाही, कोणाची आई म्हणून नाही, तर नुसती माझी म्हणून मी ही एकच गोष्ट करते, आणि तिच्यात माझा जीव आहे. सरळ सांगते, लाजायचं काय त्यात.

पण त्या ओव्हनच्या दाराने जीव नकोसा केला होता. सात किलोचं, खालच्या बाजूला उघडणारं दार. तूप आणि चुरा बिजागरीत जाऊन बसतो, तो जळतो, धूर होतो, आणि नानखटाईला जळका वास येतो. म्हणून दर मोठ्या ऑर्डरीआधी दार काढून घासावं लागायचं. सहा स्क्रू. काढणं एकवेळ सोपं. लावताना दोन्हीकडची भोकं एकदम जुळायला पाहिजेत. मी दार धरायची आणि हे पेचकस घेऊन खाली आडवे. डावीकडे घे, इतकं नाही, अर्धा मिलीमीटर उजवीकडे. अर्धा मिलीमीटर मी काय चिमटीत मोजून देऊ यांना? त्या अर्ध्या तासात आमच्या संसाराची सगळी वर्षं निघायची, यांच्या आत्याने हळदीच्या दिवशी मला काय म्हटलं होतं तिथपासून.

मागच्या दिवाळीनंतर माझा उजवा खांदा आखडला. वेणी घालता येईना, मग दार काय उचलणार. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही. अक्षतने फोनवर सांगितलं, आई, आता बस झालं, ओव्हन विकून टाक. आणि नेमकं तेव्हाच सिहोऱ्याच्या राजश्रीताईंनी मुलीच्या रुखवतासाठी बाराशे नानखटाया सांगितल्या. एवढी मोठी ऑर्डर मला कधी आली नव्हती. तीन आठवड्यांनी गुरुवारी नक्की सांगते, असं मी त्यांना म्हटलं आणि यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"हे दार मला एकटीला, एका हाताने काढता-लावता आलं तर ऑर्डर घेते. नाही तर ओव्हन विकते," मी म्हटलं. "मला कोणाच्या मेहरबानीवर काम करायचं नाही."

हे पेपर वाचत राहिले. पान तेवढं उलटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर हे ओव्हनसमोर मांडी घालून बसलेले, आणि मायक्रोमीटरने दाराचं माप घेऊन राहिले. काहून म्हणून विचारलं, तर म्हणाले, डिझाइन करून राहिलो.

चलो, म्हटलं करा. आठ दिवस आम्हाला डायनिंग टेबलवर जेवता आलं नाही. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. स्क्रूची भानगडच काढून टाकायची. दाराच्या खालच्या कडेला दोन खुंट्या, चौकटीत दोन खाचा. खुंट्या खाचांत सोडल्या की दार लागलं, वर उचललं की निघालं. एकोणीस ड्रॉइंगं झाली. त्यातल्या अठरांवर यांनी स्वतःच फुली मारली.

आता घडवणार कोण? अख्ख्या जबलपुरात यांना एकच माणूस आठवला, मुरलीधर भैया. मूळचा मझौलीचा, फॅक्टरीत लेथवर टर्नर होता, रिटायर झाल्यावर रांझीत छोटंसं वर्कशॉप टाकलं. यांनी त्याच्या कामावर इतक्या फुल्या मारल्या होत्या की एका होळीला त्याने यांच्या टेबलावरच्या सगळ्या लाल पेन्सिली नेऊन जाळल्या होत्या. त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो. यांनी ड्रॉइंग पुढे ठेवलं आणि बजावलं, खुंटी आणि खाचेमध्ये मिलीमीटरच्या शंभर भागांतले दोन भाग, एवढीच मोकळी जागा पाहिजे, जास्त चालणार नाही. मुरलीधर भैयाने ड्रॉइंग पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा ड्रॉइंग पाहिलं आणि नुसतं "जी साहब" म्हणाला. मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

दार आलं. बसलं तर असं बसलं की पाहत राहावं. टेकवलं की आपलं आपण हळूच खाली सरकायचं, फटीत कागद जाणार नाही असं. यांनी पाच वेळा काढून लावून दाखवलं. मग शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. दूधवाल्यालाही सोडलं नाही. अक्षत झाला तेव्हाही हे इतके खूश नव्हते, माझ्या समोरची गोष्ट आहे. मीही हरखून गेले आणि लगेच पहिला घाणा आत ठेवला.

वीस मिनिटांनी दार उघडायला गेले तर दार हलेना. मी ओढलं, यांनी ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. चौकटीत चिणल्यासारखं घट्ट. काचेतून माझ्या नानखटाया दिसून राहिल्या होत्या, आधी बदामी, मग तांबूस, मग काळ्या. गॅस बंद केला, पण आतली धग काय लगेच जाते? साठ नानखटायांचा कोळसा होताना आम्ही दोघं नवराबायको उकिडवे बसून पाहत होतो.

मी विचारलं, "ओव्हन गरम होतो, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

यांनी ड्रॉइंग उघडून सगळे आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाले, "वीस अंशाला बरोबर होतं."

मी इतकी हसले की खांद्यातून कळ निघाली, आणि हसता हसता रडायला आलं, कारण गुरुवारला आठच दिवस उरले होते. पोलाद तापलं की वाढतं, हे या माणसाने चौतीस वर्षं दरेक नव्या माणसाला शिकवलं. म्हणून तर ती वीस अंशांची खोली होती. पण त्या खोलीत कधी काही तापलंच नाही, तर यांच्या ध्यानात कुठून येणार. दार आतून तापलं, वाढलं आणि दोन्ही बाजूंनी आवळून बसलं.

दुसऱ्या दिवशी मुरलीधर भैयाला बोलावलं. थंड झालेलं दार त्याने सहज उचलून बाजूला ठेवलं आणि आतला कोळसा पाहिला. यांनी विचारलं, तुला हे आधी माहीत होतं का. होतं म्हणाला. मग सांगितलं काहून नाही?

"साहब, ड्रॉइंग में गरम होना नहीं लिखा था," तो म्हणाला. "और ड्रॉइंग से बाहर जाओ तो आप क्रॉस मारते थे."

सगळ्या फुल्यांचं उट्टं एका वाक्यात निघालं. मला वाटलं, आता हे भडकणार. पण हे आत गेले, आयुष्यात पहिल्यांदा चहा करून बाहेर आले, साखर विसरलेला, आणि मुरलीधर भैयाच्या हातात पेन्सिल देऊन म्हणाले, तू कर, मी पाहतो. त्याने तो बिनसाखरेचा चहा शेवटपर्यंत प्यायला.

मुरलीधर भैयाने दोन्हीकडे चांगली ऐसपैस जागा सोडली. यांनी डोळे मिटून घेतले. खुंट्यांची टोकं निमुळती केली, खाचांची तोंडं नरसाळ्यासारखी पसरट केली, म्हणजे थोडी चुकलेली खुंटीही घसरत घसरत जागेवर जावी. आता तापलेलं दार उघडायला लागलं. पण एका हाताने मला ते लावता येईना. डावी खुंटी जुळवली की उजवी भलतीकडे, उजवी पाहायला जावं तर डावी सुटलेली. दोन दिवस आम्ही तिघं डोकं खाजवून राहिलो. शेवटी मीच चिडून म्हटलं, अहो, झोपाळा टांगताना दोन्ही कड्या एकदम अडकवतो का आपण? आधी एक, मग दुसरी. तसं काही करा ना, एक खुंटी लांब ठेवा.

हे म्हणाले, दोन खुंट्या सारख्या नसतील तर ते रिजेक्ट. मुरलीधर भैयाने सरळ उजवी खुंटी घेतली, अंगठ्याच्या पेराएवढी कापून आखूड केली आणि टोक पुन्हा घासून दिलं.

बुधवारी यांनी परीक्षा ठेवली. पूर्ण फॅक्टरीच्या रीतीने. मी एकटीने, डाव्या हाताने, दहा वेळा काढायचं आणि दहा वेळा लावायचं. कागदावर दहा चौकोन आखले आणि हे स्टूल घेऊन बसले. मी पदर खोचला.

दार उचललं. लांबची डावी खुंटी खाचेत गेली आणि दाराचा भार तिनेच घेतला, मला तोलावं लागलं नाही. मग उजवीकडे नुसता धक्का दिला, ती खुंटी घसरत गेली आणि दार बसलं. मला खरंच वाटेना. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. सातव्यांदा तर मी गुणगुणत होते. नवव्याला डावा हात भरून आला. हे म्हणाले, थोडी थांब. मी कशाला थांबते. दहाव्यांदा दार उचललं आणि ते हातातून सुटलं. फरशीवर आदळून त्याचा एक कोपरा चेपला.

एक पीस फेल तर सगळा लॉट परत, हा यांचा नियम. यांनी सख्ख्या मेहुण्याचा लॉटसुद्धा परत पाठवला होता. मी खाली बसले. संपलं म्हटलं. बारा वर्षांचं माझं काम त्या चेपलेल्या कोपऱ्यापाशी येऊन संपलं. यांच्याकडे पाहायची हिंमत होईना. कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज तेवढा आला.

मी कागद ओढून घेतला. नऊ चौकोनांत बरोबरची खूण, दहावा कोरा, आणि खाली लिहिलेलं, पास. सही, तारीख.

मला राग आला. दया नको होती मला, यांची तर नकोच. म्हटलं, दहा ठरल्या होत्या ना.

"दहाव्या वेळी दार खाचेपर्यंत पोचलंच नाही," हे म्हणाले. "हातातून सुटलं. तो दाराचा दोष नाही."

मग वाकून त्यांनी दार उचललं, चेपलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि दाराकडेच पाहत म्हणाले, "तुझाही नाही."

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. असं वाक्य मी या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. डोळे पुसायला डावा हात उचलेना, उजवा तर उचलतच नाही, म्हणून पाणी तसंच वाहू दिलं. गुरुवारपर्यंत कोण थांबतं. यांना म्हटलं, राजश्रीताईंना फोन लावा. मोबाइलही धरवत नव्हता, तर यांनी तो माझ्या कानाशी धरला आणि मी बोलेस्तोवर तसेच उभे राहिले. मी सांगितलं, बाराशे ना, मी करते.