गोदाआत्या आणि अफूची गोळी

गोदाआत्या कुठल्याही पुरुषाशी बोलायला लागण्याआधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. जावई असो की तलाठी, "जरा जवळ ये बाबू, फूक मार" म्हणायची आणि खात्री पटल्यावरच पाण्याचा गडवा पुढे करायची. माझ्या लग्नात तिने माझ्या सासऱ्यांनाही सोडलं नाही. मी लाजेने अर्धी झाले होते.

बार्शीटाकळीजवळच्या तिच्या गावात दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान झालं, तेव्हा वांग्यांचा मळा वाऱ्यावर सोडून तिनेच घरोघरच्या बाया गोळा केल्या. आडवी बाटली जिंकली, दुकानाला कुलूप लागलं. तेव्हापासून गावात तिचा शब्द चालायचा आणि धाकही होता.

त्या आत्याला गर्भाशयाचा कॅन्सर झाला आणि तो हाडांत उतरला. उपचार संपले, दुखणं संपेना. ती ओरडायची नाही, पदराचा बोळा दातांत धरायची. तिथल्या मेडिकलवाल्याने मॉर्फिनचं नाव ऐकताच नकारार्थी मान हलवली. मी अकोल्याला नर्स आहे. आमच्या डॉक्टरांनी तिला तपासून त्याच गोळ्या दिल्या, तेव्हा वाटलं, सुटली बाई.

"कायच्यापासून बनते हे?" तिने विचारलं.

खोटं बोलायची हिंमत झाली नाही. "अफूपासून," मी म्हटलं.

"मंग ने वापस. गावाची नशा म्या बंद केली, अन् आता मीच अफू खाऊ? लोकं थुकतीन माह्या तोंडावर."

समजावून समजावून मी थकले. तिच्या मुलाने, गजाननने, मला बाजूला घेतलं. "ताई, चहात घोळून देऊ. तिले काय समजते?" मला मोह झाला, नाही असं नाही. पण त्या बाईला फसवून पाजायचं मनाला पटेना. मी सरळ जाऊन गजाननचा बेत तिलाच सांगितला. कळ आली तसा बोळा पुन्हा तिच्या तोंडात गेला. तो काढून म्हणाली, "चोरून नाही. बायाईले बोलाव."

भर दुपारी अंगणात बाया जमल्या. आत्याला खाटेसकट बाहेर आणलं.

"पाहून घ्या," ती म्हणाली. "दुखनं सोसत नाही म्हून मी हे घेऊन राहिली. डाक्टरनं देल्ली आहे. मांगून कोनी कुजबुज करसान तर याद राखा."

तिने गोळी घेतली. मागे उभी असलेली कौसल्या तेवढी रडायला लागली. तिच्या नवऱ्याला जबड्याचा कॅन्सर होता, आणि तो पिणारा म्हणून आत्या त्या घराची पायरी चढत नव्हती. "भोगू दे त्याचं त्याले," असं चारचौघांत म्हणायची.

आत्या झोपली ती संध्याकाळ झाली तरी उठेना. गजानन सारखा तिच्या नाकाशी बोटं धरत होता. "ताई, तुमी मारलं माह्या मायले," तो म्हणाला. अनेक रात्रींची झोप साचली आहे, मी सांगत होते. नाडी नीट होती, श्वास नीट होता, तरी मी दर पाच मिनिटांनी पुन्हा तिचं मनगट धरत होते. ती तशीच गेली असती तर त्या गावात पुन्हा कुणी ही गोळी तोंडात घेतली नसती.

आत्या गेली ती पुढे काही महिन्यांनी, घरीच, शांतपणे. पण मला ती आठवते त्या संध्याकाळची. दिवे लागायच्या सुमाराला तिने डोळे उघडले आणि आपली आपण कूस बदलली.

"असा काहून पाहून राहिला भुतावानी?" ती गजाननला म्हणाली. "चहा ठेव."

मग माझा हात धरला. "त्या कौसल्येच्या नवऱ्याले बी असंच दुखत असन ना व? उद्या ने त्याले अकोल्याले. पेऊन असन तरी ने."