गुरुवारचा कोरडा रकाना

"हाय का कोण?"

या प्रश्नाला उत्तर लागत नसे. तो लिफ्टमध्येच सुरू व्हायचा, चौथ्या मजल्यावर दार उघडलं की मोठा व्हायचा, आणि आमच्या जाळीच्या दारापर्यंत येईस्तोवर खालच्या दोन मजल्यांना कळलेलं असायचं, की साडेपाच वाजले आणि भाऊ सिस्टरकडे चहाला निघाले. बेलला त्यांनी कधी बोट लावलं नाही. "ती बारकी टिंगटिंग कुनाला ऐकू जाती?" म्हणायचे.

प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर ओळखाल. पत्रा ठोकणारी ती धूडं दर दोन-तीन सेकंदांना धाडकन खाली येतात. तिथे वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला हळू बोलणं म्हणजे काय हे ठाऊकच राहत नाही. भाऊंनी चाकणच्या ज्या कंपनीत प्रेस चालवला, तिथल्याच दवाखान्यात मी नर्स आहे. मोशीत आमचे फ्लॅटही एकाच इमारतीत, त्यांचा पहिल्या मजल्यावर. कंपनीत मी सिस्टर, म्हणून घरीही सिस्टरच. माझे यजमान त्यांच्या तोंडी 'सिस्टरचे मिस्टर'.

दर वर्षी कामगारांचे कान तपासायचं काम माझ्याकडे असतं. कानावर हेडफोन लावायचा, मी बटण दाबून आवाज सोडायचा, ऐकू आला की समोरच्याने बोट वर करायचं. भाऊंचं बोट दर वेळी अचूक वर जायचं. इतकं अचूक, की मला शंका आली. त्यांची नजर समोरच्या काचेवर होती, आणि काचेत माझा अंगठा दिसत होता. पुढच्या वेळी मी अंगठा नुसताच हलवला. बोट वर.

"आला आवाज?"

"लख्ख!"

"भाऊ, मी बटण दाबलंच नाही."

"मंग तुमचं मशीन बिघडलंय, सिस्टर."

कान गेले असं कागदावर आलं, की प्रेस सुटणार आणि स्टोअरला बसावं लागणार, ही त्यांची भीती. मी जे होतं ते लिहिलं. त्यांना स्टोअरला बसवलं. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि कंपनीत म्हणे त्या महिन्यात बरीच शांतता होती. एकतिसाव्या दिवशी दवाखान्याच्या दारात येऊन ओरडले, "हाय का कोण?" विषय संपला. असा माणूस. राग धरायचे तोही शिफ्टसारखा, वेळ झाली की सुटी.

तर, कुत्रं. भाऊ निवृत्त झाल्यावर वर्षभराने माझ्या लेकीने मैत्रिणीकडून एक पांढरं, ओंजळीत मावेल एवढं कुत्रं आणलं. मला घरात जनावर नको होतं. पण लेक हट्टाला पेटली, आणि ते येऊन पायावर बसलं, म्हणून मी एक अट घातली. महिन्याभरात फरशी कोरडी राहायला लागली तर ठेवायचं, नाहीतर मैत्रिणीला परत.

फरशी कोरडी राहिना. रोज संध्याकाळी दाराजवळ शू. भाऊ रोज ते थारोळं ओलांडून आत यायचे आणि चहाच्या कपावरून निदान करायचे, "ह्याचा वायसर गेलाय, सिस्टर. नळाचा जातो तसा. बदलून टाका." कुत्र्याचं ठेवलेलं झोकदार नाव त्याच आठवड्यात मागे पडलं आणि तो वायसर झाला.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजार काही नाही. वर्तमानपत्रं पसरली, तर त्याने ती फाडून खाल्ली. व्हिनेगरने फरशी पुसली, तर घराला लोणच्याचा वास सुटला. दिवसातून चारदा खाली फिरवून आणलं, तर खाली झाडाला थोडी आणि वर दाराशी उरलेली. शेवटी पूर्वी हॉस्पिटलच्या वॉर्डात मी करायचे तेच केलं. फ्रिजवर तक्ता लावला. पाणी किती प्यायला, शू किती वाजता, कुठे.

दोन आठवड्यांत तक्त्याने एकच गोष्ट सांगितली. रोज साडेपाचच्या सुमारास, दाराजवळ. फक्त गुरुवारचा रकाना कोरडा.

"आई, त्याची साप्ताहिक सुट्टी आहे," लेक म्हणाली.

हसू नका. आमच्या पट्ट्यात कंपन्या गुरुवारी बंद, दुकानं गुरुवारी बंद, लाइटसुद्धा गुरुवारीच जाते. कुत्र्यानेही गुरुवार धरला यात आम्हाला कुणालाच फार नवल वाटलं नाही. मी जरा शहाणपणा करून म्हटलं, त्या दिवशी आम्ही सगळे घरी असतो, म्हणून त्याला एकटं वाटत नसेल. मिस्टरांना पटलं. नर्स म्हणून मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

भाऊ दर गुरुवारी पुतण्याच्या गाडीवरून कुरुळीला, शेतावर जातात, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी पुतण्याला ओव्हरटाइम लागला. एरवी त्या वेळी मी आत चहा टाकत असते, त्या दिवशी दाराशी बसून मटार सोलत होते, वायसर शेजारी शेंगांची टरफलं हुंगत होता. साडेपाचला लिफ्ट आली. "हाय का कोण? अरं माझ्या वायसऱ्या!" भाऊ दोन्ही हात पसरून त्याच्यावर वाकले. आणि मी पाहिलं. कान मागे, पोट फरशीला टेकलेलं, शेपूट भिंगरीसारखी फिरतेय, आणि खालून धार. इतका मोठा आवाज, इतका मोठा माणूस आणि इतकं मोठं प्रेम, सगळं एकदम अंगावर आलं की त्या जिवाला ते आत मावत नव्हतं.

मटाराचं ताट बाजूला ठेवून मी म्हटलं, "भाऊ, बसा. कारण सापडलं. तुम्हीच आहात."

दुसऱ्यांदा त्यांच्या हातात मी खरा रिपोर्ट देत होते.

"म्हंजे गळती मी हाय?"

"तुमचा आवाज."

ते विचारात पडले. मग त्यांच्या मते अगदी कानात बोलल्यासारखं, वायसरकडे बघून म्हणाले, "चुकलं रं बाळा." खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "काय झालं हो भाऊ?" फरशीवर दुसरं थारोळं.

महिना संपायला आठ दिवस होते. मी स्पष्टच सांगितलं, "असं चाललं तर कुत्रं परत द्यावं लागेल." लेकीने आत जाऊन खोलीचं दार लावून घेतलं. भाऊ कप ठेवून, टोपी सारखी करून गेले. मी गोड बोलायला हवं होतं असं मिस्टर म्हणाले. गोड बोलून फरशी कोरडी होत नाही.

पुढचे चार दिवस ते आलेच नाहीत. फरशी कोरडी ठणठणीत. तक्त्यात मी रोज 'निरंक' लिहिलं. वायसर मात्र साडेपाचला जाळीच्या दारात जाऊन बसायचा आणि सात वाजेपर्यंत हलायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मला जिन्यात म्हणाल्या, "भाऊ आजारी आहेत का हो? त्यांच्या हाकेवर मी कुकर लावायचे. भात रोज उशिरा होतोय." भाऊंचा मुलगा आणि सून दिवसभर वाकडला ऑफिसात. हे घरात एकटे कुणावर ओरडत असतील, असा विचार माझ्याही मनात आला. चौथ्या संध्याकाळी मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. बेल वाजवली. अर्थातच, ऐकू गेली नाही.

पाचव्या दिवशी लिफ्ट आली आणि काहीच ऐकू आलं नाही. मी वर पाहिलं, तर भाऊ जाळीबाहेर पाठमोरे उभे! तसेच मागे मागे चालत आत आले, कुत्र्याकडे बघितलंच नाही. फरशीवर मांडी घातली. मग एक हात मागे केला, तळवा खाली, हळूहळू खाली नेत.

ही खूण मी ओळखली. प्रेस शॉपमध्ये तोंडाने बोलून उपयोग नसतो, तिथे सगळे हातांनी बोलतात. तळवा खाली, म्हणजे हळू. मूठ, म्हणजे थांब. बोट गोल फिरवलं, म्हणजे चालू ठेव. दोन बोटं ओठांना, म्हणजे चहा. पंचवीस वर्षं बोललेली भाषा माणसाने चार दिवसांत आठवून आणली होती.

वायसर आला. तळवा हुंगला. शेपूट फिरली, पण पोट खाली गेलं नाही. फडकं हातात घेऊन मी उभी होते, ते तसंच राहिलं. भाऊंनी मूठ दाखवली. वायसर बसला! माझ्या लेकीच्या शब्दाला जो मान देत नव्हता, तो बसला. मग भाऊ माझ्याकडे वळले आणि दोन बोटं ओठांना लावली.

मी चहा टाकला. तक्ता फ्रिजवरून काढला.

महिन्याभरात आमचं सगळं घर हातांनी बोलायला लागलं. मिस्टर जेवताना मूठ दाखवायचे, म्हणजे पोळी पुरे. लेक फोनवर असली की मी तळवा खाली करायचे. माझी नणंद एकदा आली, दहा मिनिटं बघत बसली आणि मला स्वयंपाकघरात घेऊन हळूच म्हणाली, "वहिनी, काही भांडण झालंय का?"

यंदा भाऊंच्या मुलाने वाकडला फ्लॅट घेतला, ऑफिसच्या जवळ. सामानाचा टेम्पो एका गुरुवारी भरला. भाऊ वर आले, पाठमोरे. मांडी घातली, वायसरला हात हुंगू दिला, मूठ दाखवली, उठले. एक थेंब नाही. शिस्तीत निरोप.

आम्ही गॅलरीत उभे राहिलो, वायसर माझ्या डाव्या हातावर. टेम्पोपाशी गेल्यावर भाऊंनी वर पाहिलं, आणि इतक्या महिन्यांचं सगळं विसरून दोन्ही हात पसरले.

"सिस्टर! वायसऱ्या! येतो रं!"

इमारतीच्या खिडक्या उघडल्या. माझ्या कोपरापर्यंत ऊब उतरली. भाऊ खाली तसेच उभे होते, वर बघत. माझं ओरडणं त्यांच्या कानांपर्यंत जाणार नव्हतं. मी मोकळा हात उंच केला आणि बोट गोल फिरवलं. चालू ठेवा. त्यांनी दोन बोटं ओठांना लावली आणि ते टेम्पोत चढले.

तक्ता केव्हाच काढला आहे, म्हणून नोंद इथे करून ठेवते. वार गुरुवार. वेळ सकाळी अकरा. ठिकाण माझा डावा हात. कारण माहीत आहे.