आभाळाचं तापमान, पान एक

छापून आलेली बातमी लोक दुपारपर्यंत विसरतात. अडकलेल्या बातमीचे किस्से मात्र साठत जातात. एका बातमीनं तर आमच्या वाशिमच्या ऑफिसला वर्षभर पुरतील एवढे दिले!

मंगरूळपीरच्या टेलरची मुलगी नाझनीन पीएचडी करते. विश्वाच्या जन्माच्या वेळची ऊब अजून आभाळभर उरलीय, आणि तिचं तापमान जागोजागी किंचित बदलतं. हे बदल निव्वळ योगायोगाचे की त्यामागे काही आहे, हे ती संख्याशास्त्रानं तपासते. पुढाऱ्यांचे वाढदिवस पान एकवर येतात, मग ही का नाही? मी ठरवलं, पान एक, फोटोसह!

संपादकांनी विचारलं, फरक किती? म्हटलं, एका अंशाचे लाख तुकडे करा, त्यातले दोन-चार.

"एवढ्या फरकानं सरपंच पडला असता, तर बातमी होती."

*

मग त्यांचा नियम आडवा आला: दुसऱ्या बाजूशिवाय बातमी नाही. मी तणतणत नाझनीनला फोन लावला. आभाळात एक जास्तच थंड डाग आहे, त्यावर मोठमोठे तर्क चालतात म्हणे. त्यांना विरोध कोणाचा?

"माहाच, काका. तो योगायोगबी असू शकते. दुसरी बाजू मीच आहो."

संपादक म्हणाले, स्वतःच्याच बातमीवर खुलासाही स्वतःच देते, पोरगी पुढाऱ्यांच्याही पुढं गेली.

*

तिनं आभाळाचा नकाशा पाठवला, सगळे लाल-निळे ठिपके. पान लावणाऱ्या गजूभाऊंनी तो थेट शेतीच्या पानावर टाकला. मी ओरडलो, अहो, हा सोयाबीनवरचा रोग नाही!

"मंग आधी सांगाचं ना. मी खाली फवारणीबी लिवून टाकली."

*

आठवडाभर बातमी छाटली गेली. शेवटी मी भांडलो. संपादकांनी शब्द दिला, उद्या पान एक.

शब्द पाळला! हवामानाच्या चौकटीत: वाशिम ४१, मालेगाव ४०, मंगरूळपीर ४१, आभाळ उणे २७०. नाझनीनचं नावसुद्धा नाही!

मी संपादकांसमोर टेबल आपटत होतो, तेवढ्यात शेलूबाजारच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला.

"तुमी आभायाचं तापमान देता, अन् आमच्या शेलूबाजारचं काहून नाही?"

संपादक ताडकन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पान एकवर चार कॉलम: 'तापमानात शेलूबाजारवर अन्याय, ग्रामस्थ संतप्त!'

आणि नियमाप्रमाणे दुसरी बाजू. चौकटीत नाझनीनचा हसरा फोटो, खाली तिचं म्हणणं: "शेलूबाजार आणि आभाळ यांच्या तापमानात फरक आहे. हा मात्र योगायोग नाही."